गावागावाची दिवाळी, सोयऱ्याधायऱ्यांची खबरबात

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या डोंगरात दिवाळीची तारीख पंचांगावरून ठरत नाही. धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या भिल्ल आणि पावरा गावांत खरिपाचे पीक घरात आले, की पुजारा, पोलीस पाटील आणि गावातली जाणती माणसे एकत्र बसतात आणि आपल्या गावाचा दिवस मुक्रर करतात. कोणाची दिवाळी कार्तिकात होते, कोणाची मार्गशीर्षात, एखाद्या गावाची तर संक्रांत जवळ आल्यावर. हिला गावदिवाळी म्हणतात. दिवस ठरवताना शेजारच्या गावाने कोणता दिवस धरला आहे याची चौकशी आधी होते. दोन गावांची दिवाळी एकाच दिवशी आली, तर इकडच्या सोयऱ्यांना तिकडे जाता येणार नाही आणि तिकडच्यांना इकडे येता येणार नाही.

त्यामुळे डोंगरातले एखादे कुटुंब एका हंगामात चार-पाच दिवाळ्या करते. एक आपल्या गावची, एक मामाच्या गावची, एक बहीण दिली त्या गावची, एक सुनेच्या माहेरची. आपल्या गावात ते यजमान असते आणि बाकी ठिकाणी पाहुणे. यजमानाला चूल, बैल आणि देव यांतून उसंत नसते. बोलायला सवड असते ती पाहुण्याला. पहिल्या गावात ऐकलेली गोष्ट तो दुसऱ्या गावात सांगतो, तिथली तिसऱ्या गावात नेतो, आणि दीड-दोन महिन्यांत डोंगराच्या या टोकाची खबर त्या टोकाला पोचलेली असते. पंचांगाशी फटकून असलेली ही तारखांची पद्धत बाहेरच्या माणसाला ढिलाई वाटते. नात्यांचा पसारा एका दिवसात भेटून संपणारा नसेल, तर सणानेच लांबावे, एवढा सरळ हिशेब तिच्यात आहे.

पसारा मोठा का, हे वस्तीची रचना पाहिली की कळते. पावऱ्यांची घरे एकमेकांना टेकून नसतात. प्रत्येकाचे घर आपापल्या शेतात, बऱ्याचदा आपापल्या टेकाडावर. असे विखुरलेले पाडे मिळून एक गाव होते आणि एका पाड्यावरून दुसऱ्यावर जायचे तर नाला ओलांडून चढण चढावी लागते. त्यात एका कुळात लग्न होत नाही, म्हणून मुली बाहेरगावी जातात आणि बाहेरगावच्या मुली सुना होऊन येतात. जिल्ह्याला लागून एकीकडे गुजरात, दुसरीकडे मध्य प्रदेश. नात्यागोत्याने ही सरहद्द कधी मानलेली नाही. भाऊ महाराष्ट्राच्या मतदारयादीत आणि बहीण मध्य प्रदेशाच्या, असे या भागात सहज असते. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा सहा तालुक्यांचा आहे. 2011 च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या 16,48,295 होती आणि तिच्यात दर दहांमागे जवळजवळ सात जण अनुसूचित जमातींचे होते.

अमेरिकेतल्या मराठी घरांत अशा भेटीगाठींसाठी नोव्हेंबरातला चौथा गुरुवार वापरला जातो. थँक्सगिव्हिंग हाही मुळात पीक हाती आल्यावर उपकार मानण्याचा दिवस. अध्यक्ष लिंकन यांनी 1863 मध्ये तो नोव्हेंबरच्या अखेरच्या गुरुवारी राष्ट्रीय पातळीवर पाळण्याचे जाहीर केले आणि 1941 मध्ये तिथल्या संसदेने कायदा करून चौथा गुरुवार कायम केला. शेजारच्या कॅनडात हंगाम लवकर संपतो, तिथे तो ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असतो. न्यू जर्सीतला भाऊ आणि टेक्सासमधली बहीण त्या जोडसुटीत एका टेबलाशी बसतात आणि वर्षाची बातमी दोन जेवणांत आटोपते. मात्र देशभर दिवस एकच असल्यामुळे सासरी जायचे की माहेरी, हा पेच तिथे दरवर्षी पडतो. सातपुड्यातल्या गावदिवाळीत हा पेच मुळातच उद्भवत नाही.

डोंगरातले भेटींचे वर्ष दिवाळीच्याही आधी सुरू होते, ते नवाईपासून. शेतात नवे पीक तयार झाले म्हणून ते लगेच खाल्ले जात नाही. पहिली कणसे, पहिली काकडी, पहिले दाणे आधी देवाला आणि पूर्वजांना, मग घरच्यांना. पावसाळ्यातल्या पहिल्या कोवळ्या हिरव्या भाजीबद्दलही असाच विधी आहे. महाराष्ट्राच्या इतर भागांत नवान्न पौर्णिमेला जे होते त्याचेच हे सख्खे भावंड, पण इथे तिथीपेक्षा शेताकडे पाहिले जाते. नवाई हा आटोपशीर, घरचा विधी. पूर्वजांची नावे घेताना गेल्या वर्षात घरातून गेलेल्या माणसाचे नाव पहिल्यांदा त्या यादीत येते, आणि जवळच्यांना ते ऐकताना तो माणूस आता देवांच्या बाजूला गेला हे पक्के होते.

गावदिवाळी याच्या उलट, मोकळी आणि गर्दीची. गावदेवाची पूजा होते, गुरांना धुऊन सजवले जाते, मोहाच्या दारूची धार देवाच्या नावाने जमिनीवर सोडली जाते. घराघरांत भाकरी, उडदाची डाळ, भात आणि कोंबडा किंवा बकरा. पाहुणा रिकाम्या हाताने येत नाही आणि त्याला रिकाम्या हाताने पाठवतही नाहीत. रात्री ढोल वाजतो. पुष्कळ गावांत सोंगाड्या पार्टी बोलावलेली असते. हा या जिल्ह्याचा खास तमाशासारखा प्रकार: गाणे, नाच, बाईचे सोंग घेतलेला पुरुष आणि हसवणारा सोंगाड्या. त्याच्या विनोदात कर्जात अडकलेला नवरा असतो, नवी गाडी घेऊन मिरवणारा पोरगा असतो, ग्रामसभेत गप्प बसलेला पुढारी असतो. नावे घेतली जात नाहीत. प्रेक्षकांना मात्र कोणाबद्दल चालले आहे ते कळते. घरात कोणी बोलू धजत नाही ती गोष्ट अशा वेळी रंगमंचावरून बोलली जाते. ज्याच्यावर रोख असेल त्यालाही हसण्यात सामील व्हावे लागते.

पाहुण्यांच्या बोलण्याला ठरलेला क्रम असतो असे नाही, पण विषय बहुतेक तेच. पाऊस कसा झाला, मका किती आला, कोणाचा बैल मेला, कोणाच्या घरी पोर झाले, कोणाचा मुलगा आश्रमशाळेतून दहावी झाला, वनजमिनीच्या दाव्याचा कागद कुठवर आला. मृत्यूची बातमी सहसा आधीच पोचलेली असते, कारण मातीला माणसे धावतातच; दिवाळीत तिचा तपशील सांगितला जातो. आणि या सगळ्याच्या खाली एक चौकशी सतत चालू असते, ती लग्नाची. कोणाची मुलगी लग्नाची झाली, कोणाच्या घरी मुलगा आहे, त्या घराला जमीन किती, दारूचे प्रमाण किती, आधीच्या सुनेला कसे वागवले. या समाजांत देज, म्हणजे वधूमूल्य, मुलाकडून मुलीच्या घरी जाते, त्यामुळे दोन्ही बाजूंना आकड्याचाही अंदाज हवा असतो. लग्ने उन्हाळ्यात होतात. हिवाळ्यातल्या दिवाळ्या ही त्या लग्नांची चाचपणी असते. थेट विचारणे कमीपणाचे ठरते, आणि मध्यस्थाचे निम्मे काम अशा पंगतीत बसून कान उघडे ठेवण्यानेच होते.

पावऱ्यांमधला इंदल हा आणखी वेगळा प्रसंग. तो गावाचा नसून एका घराच्या नवसाचा असतो. आजारपण टळले, मूल झाले, घरावरचे संकट गेले, की बोललेला इंदल करावा लागतो. खर्च मोठा, म्हणून नवस बोलल्यावर तो फेडेपर्यंत वर्षे जातात. कळंबाच्या फांद्या वाजतगाजत घरी आणून रोवतात, पूजा होते, बळी दिला जातो आणि रात्रभर नाच चालतो. या घराचे जितके म्हणून नातेवाईक आहेत तितके सगळे बोलावले जातात. घर एकटे हा भार पेलू शकत नाही. धान्य, कोंबडा, बकरा, जे जमेल ते सोयरे घेऊन येतात. आपल्या घरावर काय गुदरले होते हे यजमान एरवी चारचौघांत सांगत बसत नाही. इंदल झाला म्हणजे ती हकिकत सगळ्या नात्यासमोर उघड सांगितली गेली आणि बंद झाली.

हे सगळे चालू असतानाच गावे रिकामी व्हायला लागतात. कोरडवाहू शेतीत वर्ष निघत नाही, म्हणून दिवाळीनंतर हजारो कुटुंबे दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. बारडोली, व्यारा, नवसारी या बाजूचे साखर कारखाने त्यांच्यावर चालतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादम आधी उचल देतो आणि ती फेडण्यासाठी हंगाम घालवावा लागतो. म्हणून ज्या गावांतून तोडीला जाणारे जास्त, तिथे टोळ्या निघण्याआधी दिवाळी उरकण्याकडे कल असतो. सणाचा दिवस देवाने, पिकाने आणि सोयऱ्यांनी ठरवावा अशी रीत; तिच्यात आता मुकादमाचा ट्रक हाही एक पंच झाला आहे.

ऊसतोडीच्या ठिकाणी मजूर राहतात त्या झोपड्यांच्या तळाला पडाव म्हणतात. टोळी बहुधा एका गावची किंवा नात्यातली असते, त्यामुळे पडाव हे गावाचेच हलते तुकडे. तिथे मुले जन्मतात, भांडणे होतात, जुळणीही होते. मागे गावात म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी पोरे उरतात. पूर्वी पडावावरची बातमी परतणाऱ्या माणसाबरोबर येई. आता ती फोनवर येते, पण फोन लागेल तेव्हा. धडगाव आणि अक्कलकुव्याच्या दुर्गम पाड्यांवर रेंज अजून जागोजागी नाही. कुठल्या टेकडीवरच्या कुठल्या झाडाखाली आवाज येतो हे गावाला ठाऊक असते आणि संध्याकाळी तिथे माणसे उभी दिसतात. वर उभा माणूस एकट्यासाठी बोलत नाही. तो खाली उतरतो तेव्हा त्याच्याजवळ पाच घरांचे निरोप असतात.

नर्मदेच्या काठच्या कुटुंबांची गोष्ट याहून अवघड आहे. सरदार सरोवर धरणाखाली महाराष्ट्रातली 33 गावे बाधित झाली, सगळी याच दोन तालुक्यांतली, आणि मणिबेली त्यांतले पहिले. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून लोक डोंगर उतरून तळोदा आणि शहाद्याच्या सपाटीवरच्या वसाहतींत आले. काही गुजरातेत वसले. काही पाण्याच्या वर सरकून जुन्याच डोंगरात राहिले. पूर्वी जो चुलता हाकेच्या अंतरावर होता, त्याच्याकडे जायला आता होडी, मग चढण, मग जीप. एका गावाच्या दिवाळीचे काय करायचे, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा पडला. गावच तीन ठिकाणी असेल तर गावदेव कुठला आणि बैठक कुठे? अशा घरांसाठी सणाला मूळ डोंगरात जाणे हीच वर्षातली मोठी भेट ठरते.

माघ वद्यातल्या महाशिवरात्रीला भेटीची जागा बदलते. गुजरातेत सागबारा तालुक्यातल्या देवमोगरा इथे याहामोगीची यात्रा भरते. याहा म्हणजे आई. दुष्काळात लोकांना धान्य देऊन जगवणारी माता म्हणून तिची कथा सांगतात, आणि नंदुरबारच्या बाजूने जाणारी कुटुंबे बांबूच्या टोपलीत नवे धान्य घेऊन निघतात. पिकाचे उपकार मानण्याचा प्रसंग म्हणून याच यात्रेला पहिला मान द्यावा लागेल. एक-एक गाव वेगळ्या दिवशी करण्याऐवजी दोन राज्यांतली कुळे इथे एकाच वेळी एका डोंगराखाली येतात. दूरच्या, विसरत चाललेल्या नात्यांना ही यात्रा उपयोगी पडते: आजीच्या माहेरची माणसे, तीन पिढ्यांपूर्वी फुटलेली भाऊबंदकी. त्याच दिवशी तोरणमाळलाही गोरखनाथाची यात्रा असते, तिथे मध्य प्रदेशाकडचे सोयरे जास्त भेटतात.

यानंतर होळी. बाहेर गेलेला माणूस दिवाळी चुकवेल, होळी चुकवणार नाही. उसाचा हंगाम संपो न संपो, मुकादमाकडे हिशेब मागून टोळ्या परततात. होळीच्या आधीच्या आठवड्यातले बाजार म्हणजे भोंगऱ्या. धडगाव, मोलगी इथे त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. मध्य प्रदेशात झाबुआ-अलीराजपूरकडे यालाच भगोरिया म्हणतात. बाहेरच्या लेखांत त्याचे वर्णन पळून जाऊन लग्न करण्याचा बाजार असे रंगवून येते आणि आदिवासी संघटना त्यावर रास्त आक्षेप घेतात. होळीचे सामान, गूळ, डाळ्या, हार-कडे घेण्याचा हा बाजार आहे, आणि पडावावरून आलेली व गावात राहिलेली माणसे पहिल्यांदा समोरासमोर येतात तीही इथेच. चार महिन्यांची खबर बाजाराच्या कडेला उभ्या उभ्या सांगितली जाते.

होळ्याही गावागणिक वेगवेगळ्या दिवशी पेटतात, पौर्णिमेच्या आधीपासून नंतरपर्यंत. सगळ्यांत नावाजलेली काठी संस्थानची राजवाडी होळी. तिची परंपरा 1246 पासून सांगतात. मोठ्या उंच बांबूचा दांडा हाताने खणलेल्या खड्ड्यात उभा करतात आणि रात्रभर नाच झाल्यावर पहाटे होळी पेटते. नवस केलेले बुध्या अंगावर राखेचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधून नाचतात. त्याआधीचे काही दिवस ते खाटेवर झोपत नाहीत, चप्पल घालत नाहीत, व्रत पाळतात. होळीनंतर मेलादे, म्हणजे जत्रा, सुरू होतात आणि बुध्यांच्या टोळ्या गावोगाव फाग मागत फिरतात. सातपुड्यात बातमीला यापेक्षा वेगवान पाय नाहीत.

सपाटीवर, म्हणजे तापीकाठच्या शहादा, नंदुरबार या भागात, हेच काम आखाजी करते. अक्षय तृतीयेचा हा खानदेशी अवतार. गुजर, मराठा, कोळी, भिल्ल सगळे तो पाळतात. दिवाळीला एकवेळ मुलगी आली नाही तरी चालते, आखाजीला मुराळी पाठवून तिला आणतातच. कडुनिंबाला झोके बांधले जातात, गौराई बसते, अहिराणी गाण्यांतून सासरचे गाऱ्हाणे गायले जाते. डोंगरात सोंगाड्या जे बोलतो ते इथे झोक्यावरची बाई गाऊन सांगते. गाण्यात आलेल्या गोष्टीबद्दल तिला कोणी जाब विचारत नाही. त्याच दिवशी पितरांच्या नावाने घागर भरतात आणि तिच्यावर डांगर, आंबा, सांजोऱ्या ठेवतात. सालदाराचे सालही आखाजीला सुटते आणि नवे ठरते, त्यामुळे कोण कोणाकडे राहिला, कोणी काम सोडले, हेही त्याच आठवड्यात कळते.

या सपाटीवरच्या कुटुंबांचा दुसरा पाय सुरतेत असतो. उधना, लिंबायत, डिंडोली या वस्त्यांत खानदेशी घरे इतकी, की तिथे अहिराणी रस्त्यावर ऐकू येते. कापडाच्या धंद्यात पोटाला लागलेली ही माणसे सुरत–भुसावळ मार्गाच्या गाड्यांनी आखाजीला आणि लग्नसराईला नंदुरबारला उतरतात. याच मार्गावर नवापूरचे स्टेशन आहे, ज्याच्या फलाटावरून दोन राज्यांची हद्द जाते. सुरतकरांच्या मोबाइलवर भाऊबंदांचे गट असतात. साखरपुड्याचा फोटो हॉल सोडण्याआधी गावी पोचतो. गंमत म्हणजे त्यामुळे भेटी घटलेल्या नाहीत. फोटोवरून भांडणे मात्र होतात: आम्हाला आधी का कळवले नाही, निरोप द्यायला माणूस का आला नाही, नुसत्या मेसेजवर बोळवण केली. आमंत्रण घेऊन घरी माणूस येणे हे अजून नात्याचे माप आहे, डोंगरात आणि सपाटीवरही.

लग्ने वैशाखात उरकतात. हिवाळ्यातल्या पंगतींत जे कानावर आले होते, त्यातले काही मांडवापर्यंत पोचते, बरेचसे वाटेत विरते. रोहिण्या लागल्या की कोणी पाहुणा थांबत नाही. प्रत्येकाला आपल्या रानात बियाणे टाकायचे असते. पहिल्या मोठ्या पावसाने नाले भरतात, नर्मदेकडच्या पायवाटा निसरड्या होतात, जीपवाले वरच्या पाड्यांकडे जाणे बंद करतात. पुढले तीन महिने सोयऱ्याकडे जायचे ते आजारपणाला किंवा मातीला. बाकीच्या गोष्टी मक्याला कणसे धरेपर्यंत घरातच राहतात.